सातवा रकाना

"शंभरातले किती सुटतात, भन्ते? तुमचा अंदाज काय?"

भन्ते सुमेध विहारासमोरचं अंगण झाडत होते. ते थांबले नाहीत.

"कशातून सुटतात?"

"निदानातून. न्यूमोनिया झालेला असतो, जंतूंमुळे झालेला असतो, साध्या औषधाने बरा होण्यासारखा असतो... आणि कुणाला कळतच नाही. असे किती?"

"कुणालाच कळत नाही म्हणता. मग मला कसं कळणार?"

डॉक्टर मकरंद खैरनार हसले. हे हसणं त्यांनी परिषदांमधून कमावलं होतं. समोरच्याला आधी थोडं जिंकू द्यायचं, मग आपला आकडा काढायचा.

"मला कळलंय," ते म्हणाले. "एकाचं निदान होतं तेव्हा दोन पॉइंट चार माणसं सुटतात. पाच वर्षं लागली हे काढायला."

आता झाडू थांबला.

"तो पॉइंट चार... त्याला धाप लागत असेल का हो?"

डॉक्टरांचं हसू मावळलं. स्वतःची थट्टा त्यांनी एक वेळ सहन केली असती, आकड्याची नाही. बोलण्यात दशांशचिन्ह आलं नाही तर त्यांना दिवस वाया गेल्यासारखं वाटायचं.

विहार म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि एक कट्टा. मागे डोंगरात सात लेणी होती. त्यांतली चार कोणीतरी अर्धवट कोरून सोडून दिलेली. खाली दीड मैलावर पिंपळढव गाव. एस.टी. सकाळी एकदा यायची आणि आल्या पावली परत जायची. वाट चुकल्याखेरीज बाहेरचा माणूस इकडे फिरकत नसे.

भन्ते इथे सहा वर्षं एकटे राहत होते.

त्याआधी ते जनार्दन इंगळे होते. जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात एकोणतीस वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ. रोग्याचा बेडका काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, आणि काय दिसलं ते रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं काम. नवे डॉक्टर काचपट्टी वाचायला त्यांच्याकडेच शिकत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मकरंदही दोन महिने शिकले होते. तेव्हाही ते सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचे. बहुतेक वेळा ते बरोबर असायचं, हेच वाईट झालं.

"बसा," भन्ते म्हणाले.

डॉक्टर कट्ट्यावर बसले. मांडीवर झेरॉक्स कागदांचा गठ्ठा ठेवला.

"तुमचीच रजिस्टरं आहेत ही. मी माझ्या अभ्यासात वापरली."

"अक्षर वाचता आलं?"

"टायपिस्टला आलं."

भन्त्यांनी मान हलवली.

"आता सांगा. कशाला आलात?"

"सांगितलं ना. अंदाज..."

"अंदाज तुमच्याकडे आहे. पाच वर्षं लागली म्हणालात. कशाला आलात?"

थंडीचे दिवस होते. लेण्यांवरून वारा खाली येत होता आणि अंगणात गोळा केलेला पाचोळा पुन्हा पसरत होता. भन्ते तो पसरताना बघत बसले. त्यांना घाई नव्हती.

बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी गठ्ठ्यातून एक पान काढलं.

"तीनशे अठरा नंबर."

भन्त्यांनी पान घेतलं. डोळ्यांपासून लांब धरलं.

"भालचंद्र खैरनार. वय एकाहत्तर."

"माझे वडील."

भन्त्यांनी पान कट्ट्यावर ठेवलं.

"सात वर्षं झाली. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलंय, दमा. त्यांना दमा नव्हता, भन्ते. आयुष्यात कधी नव्हता. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, रोज पाच मैल सायकल मारायचे. मी तेव्हा पुण्यात होतो. दर रविवारी फोन करायचो. ते म्हणायचे, बरं आहे, जरा कफ झालाय. तिसऱ्या रविवारी फोन शेजाऱ्याने उचलला."

ते थांबले. नंतर घाईघाईने पुढे बोलू लागले. दुखरी जागा आली की हुशार माणसं अशीच घाई करतात.

"त्यानंतर मी हा विषय घेतला. रजिस्टरं संगणकात चढवताना नावं घ्यायची नसतात, तसा नियम आहे. नुसते नंबर घ्यायचे. त्यामुळे मला माहीतच नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी एक आकडा जुळेना म्हणून मी मूळ पान काढलं... आणि नाव दिसलं. वारण्याच्या आठ दिवस आधी ते तुमच्या खिडकीत आले होते."

"हो."

"तुम्ही लिहिलंय, नाकारला. नुसती लाळ."

"हो."

"मला एवढंच सांगा. त्यांना न्यूमोनिया होता की नव्हता?"

पाच वर्षं ज्याच्यासाठी खर्ची घातली तो प्रश्न हा होता. बाकीचे आकडे त्याच्याभोवती बांधलेलं कुंपण होतं. डॉक्टरांना स्वतःलाही हे नुकतंच, तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं. न्यूमोनिया नव्हता असं ठरलं, तर दर रविवारचा फोन पुरेसा होता. होता असं ठरलं, तर पुरेसा नव्हता. पाच दिवसांच्या औषधाने वाचणारा माणूस त्यांनी फोनवर "काळजी घ्या" म्हणून सोडून दिला होता.

"माहीत नाही," भन्ते म्हणाले.

"अंदाज?"

"लाळेत फुप्फुसातलं काही दिसत नाही. गालाच्या पेशी दिसतात. तुम्हाला मीच शिकवलं होतं. गालाच्या पेशी भरपूर दिसल्या तर नमुना टाकून द्यायचा. छातीतला बेडका वेगळा आणि तोंडातली थुंकी वेगळी."

"ते मला माहीत आहे!"

"मग माहीत असलेलंच विचारता आहात."

डॉक्टरांचा आवाज चढला. या माणसाशी भांडायलाच आपण सव्वाशे किलोमीटर गाडी हाकत आलो, असं त्यांना त्या क्षणी वाटलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

"मास्तर, तुम्ही त्यांना परत बोलवायचं होतं! दुसरा नमुना मागायचा होता!"

मास्तर हा शब्द कित्येक वर्षांनी अंगणात आला. भन्त्यांनी तो येऊ दिला.

"हो," ते म्हणाले. "मागायचा होता."

एवढ्या सरळ उत्तरावर भांडण पुढे नेता येत नाही.

"तुमचा हिशोब समजावून सांगा," भन्ते म्हणाले. "सुटलेल्यांची मोजदाद कशी केलीत? जे दिसलेच नाहीत ते मोजले कसे?"

यावर मात्र डॉक्टर सावरले. हे त्यांच्या घरचं अंगण होतं.

"सोपं आहे. समजा, गावात पंगत आहे. भात वाढणाऱ्याला सांगितलं, ज्याला भात वाढशील त्याचं नाव लिही. आमटी वाढणाऱ्यालाही तेच सांगितलं. दोघांच्या याद्या वेगळ्या झाल्या. काही नावं दोन्हींत आली, काही एकीतच. दोन्हींत सारखी नावं किती, यावरून काढता येतं की दोघांच्याही नजरेतून निसटलेली माणसं पंगतीत किती असतील. मी तेच केलं. एक यादी तुमच्या प्रयोगशाळेची. दुसरी यादी लघवीच्या चाचणीची, तीही याच जंतूसाठी असते. दोन्हींवरून सुटलेल्यांचा आकडा निघाला."

"छान आहे."

"जगभर वापरतात."

"आणि जो पंगतीला आलाच नाही तो?"

"तो... हिशोबात येत नाही. प्रत्येकाला सापडण्याची थोडीतरी शक्यता होती, असं धरून चालावं लागतं."

"कोणी धरलं?"

"मी."

भन्त्यांनी पुन्हा पान हातात घेतलं.

"नाकारलेले नमुने कुठल्या यादीत घातलेत?"

"कुठल्याच नाही. निरुपयोगी नमुने वगळायचे असतात. चारशे बारातले शहाण्णव वगळले. सगळे तेच करतात."

"म्हणजे तुमचे वडील..."

डॉक्टरांनी मान वर केली.

"...भात वाढणाऱ्याच्या यादीत नाहीत, आमटी वाढणाऱ्याच्या यादीत नाहीत, आणि सुटलेल्यांतही नाहीत."

वारा पडला होता. खाली गावात पिठाची गिरणी सुरू झाली आणि बंद पडली.

डॉक्टरांनी हे कागदावर शंभर वेळा पाहिलं होतं. वगळले, शहाण्णव. त्या ओळीवरून ते प्रत्येक परिषदेत दोन सेकंदांत पुढे जायचे. त्या ओळीत आपले वडील बसले आहेत हे त्यांना कळलं होतं, पण ते तिथे नेमके कसे बसले आहेत ते आज कळलं.

"रकाने किती घेतलेत?" भन्त्यांनी विचारलं.

"कुठले?"

"रजिस्टराचे. संगणकात किती चढवलेत?"

"सहा. नंबर-नावाच्या रकान्यातला नुसता नंबर, मग वय, तारीख, नमुना कसा, काय दिसलं, शेरा."

"मी सात आखले होते."

डॉक्टरांनी पान पाहिलं. छापील सहा रकान्यांनंतर समासाजवळ पट्टी न लावता हाताने एक रेघ ओढली होती. तिच्यापलीकडच्या बारीक जागेत बारीक अक्षरं होती. टायपिस्टने विचारलं होतं, सर, हे कडेचं घ्यायचं का? डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, नको, सरकारी नाही ते.

"यात काय आहे?"

"वाचा."

डॉक्टर वाचू लागले. मुलगा. सून. नवरा. शेजारीण. बहीण आणि जावई. रिक्षावाला. मुलगी.

"सोबत कोण आलं ते?"

"हो."

"हे कशाला लिहायचात?"

"सुरुवातीला नुसती सवय म्हणून. कुणाला निरोप द्यायचा ते कळावं म्हणून. नंतर मला त्यात काहीतरी दिसायला लागलं. ते काय, ते तुम्हीच बघा. पेन्सिल आहे?"

डॉक्टरांकडे पेन्सिल होती.

"नाकारलेल्या शहाण्णव ओळी काढा. सातवा रकाना बघा. जिथे नुसती आडवी रेघ असेल तिथे खूण करा."

डॉक्टर कट्ट्यावर मांडी घालून बसले. एवढा मोठा माणूस, हाताखाली दोन सहायक, आणि शाळेतल्या पोरासारखा एकेका ओळीवर बोट ठेवून खुणा करू लागला. भन्ते उठले. उरलेलं अंगण झाडलं, पाण्याच्या टाक्याकडे जाऊन घागर भरून आणली, ती खोलीत ठेवली. परत आले तेव्हा डॉक्टर शेवटच्या पानावर होते.

"किती?"

"अडुसष्ट."

"शहाण्णवातले."

"हो."

"आता चांगल्या नमुन्यांत बघा. तिथे आडव्या रेघा किती?"

हे लवकर झालं. तिथे रेघा फारच थोड्या होत्या.

"एकोणीस," डॉक्टर म्हणाले. "तीनशे सोळात एकोणीस."

त्यांचा आवाज बदलला होता. आकडा त्यांना सांगावा लागला नाही, तो त्यांच्या हातातच होता. जो माणूस एकटा आला, त्याची बहुधा लाळच आली.

"असं का?" त्यांनी विचारलं. आज पहिल्यांदाच त्यांनी उत्तर हातात नसताना प्रश्न विचारला.

भन्ते बसले.

"डबी हातात दिली की माणूस कोपरा शोधतो. लोकांसमोर खाकरून बेडका काढायची लाज वाटते. आजाऱ्याला त्यातून त्राण नसतं. छातीच्या तळातून काही वर आणायचं म्हणजे पोटातून जोर लागतो, बरगड्या दुखतात. सोबत कोणी असलं तर ते म्हणतं, अगं आणखी एकदा, अहो जरा जोर करा. पाठ चोळतं. पाणी देतं. रागावतंसुद्धा. एकटा माणूस थुंकतो आणि डबी खिडकीत ठेवून निघून जातो. आपण सांगितलेलं केलं, एवढंच त्याला हवं असतं."

"मग हे एकोणीस? हेही एकटेच आले होते. यांचे नमुने चांगले कसे?"

भन्त्यांनी पानावरच्या एका आडव्या रेघेवर बोट ठेवलं.

"त्यांच्याजवळ मी बसलो होतो."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. विचारायची गरजही नव्हती. तो कट्ट्यावर दोघांच्या मध्ये येऊन बसला होता.

"त्या दिवशी एकतीस डब्या होत्या," भन्ते म्हणाले. "तुमचे वडील मला आठवतात. स्वच्छ पांढरा सदरा, खिशाला शाईचा डाग. त्यांनी खिडकीतून विचारलं, किती खोकायचं? मी म्हणालो, खोल खोका, काका. पुन्हा विचारलं, म्हणजे कसं? मी म्हणालो, खोल म्हणजे खोल. मागे रांग होती. मी उठलो नाही... त्यांनी डबी ठेवली आणि मला नमस्कार केला. ती लाळ आहे हे मला काचेवर घ्यायच्या आधीच दिसत होतं."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांना ते लपवता आलं नाही. शाईचा डाग त्यांना माहीत होता. आई होती तोवर ती त्यावरून रोज बोलायची.

"मला तुमचा राग यायला हवा," ते म्हणाले.

"येऊ द्या."

"पण तुम्ही निदान खिडकीत तरी होतात. मी तर तिथे..."

त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही. भन्त्यांनीही ते पुरं करून दिलं नाही. दुसऱ्याचं वाक्य पुरं करणं किती सोपं असतं, आणि किती वेळा तेच चुकीचं असतं.

खालच्या वाटेवरून खोकल्याचा आवाज आला.

आधी आवाज आला, मग डोक्यावरचं फडकं दिसलं, मग एक म्हातारी बाई. गयाबाई रोज अकराच्या सुमाराला भन्त्यांसाठी भाकरी घेऊन यायच्या. बाराच्या आत भन्त्यांचं जेवण होत असे, त्यानंतर ते काही खात नसत. गयाबाई दर वीस पावलांवर थांबत होत्या. थांबल्या की खोकत होत्या. खोकला वरवरचा, कोरडा, मध्येच तोडलेला.

"हे किती दिवस चाललंय?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"नऊ. दवाखान्यात जा म्हणून मी रोज सांगतो. जाते म्हणते, जात नाही."

गयाबाई पोचल्या. भाकरीचं फडकं दोन्ही हातांनी भन्त्यांच्या पात्रात सोडलं, वाकून वंदन केलं आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत धापा टाकत राहिल्या.

"हे डॉक्टर आहेत, गयाबाई," भन्ते म्हणाले. "बघू देता का?"

"मला काय बी झालं न्हाई. थंडी हाय. जाईल."

"ताप येतो का, मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"येतो राती. दुकानातनं गोळ्या आनल्या. उतरतो, मंग पुन्ना येतो."

"दुखतं कुठे?"

गयाबाईंनी उजव्या बरगडीवर हात ठेवला.

डॉक्टरांनी छाती तपासायची नळी काढली. पाठीवर, खाली उजवीकडे, श्वासाचा आवाज वेगळा होता. ओली वाळू तुडवावी तसा. त्यांनी नाडी पाहिली, श्वास मोजले. तोंडावर काही दिसू न देता बोलायला ते विसरले होते, ते आता आठवलं.

"मावशी, आज माझ्या गाडीतून दवाखान्यात चला. छातीचा फोटो काढू, औषध सुरू करू. बरं होण्यासारखं आहे."

"आन् शेरडं कोन बघंल? दोन शेरडं हायती माजी."

"मी बघतो शेरडं," भन्ते म्हणाले.

गयाबाई हसल्या. भन्ते शेरडं राखताहेत हे चित्र त्यांना फारच गमतीचं वाटलं असावं. हसता हसता पुन्हा खोकला आला.

"लेक हाय पुन्याला," त्या म्हणाल्या. "त्येला सांगू नगा. उगा जीव टांगनीला लागंल त्येचा. मी फोनवर सांगते, बरी हाय म्हनून."

डॉक्टर जमिनीकडे पाहू लागले.

"गाडीत डबी आहे?" भन्त्यांनी विचारलं.

"आहे."

"औषध सुरू व्हायच्या आधी नमुना घ्या."

डॉक्टरांनी गाडीतून झाकणाची डबी आणली. भन्ते खोलीत गेले, चुलीवरचं कोमट पाणी तांब्यात घालून दिलं. डॉक्टर गयाबाईंना घेऊन लेण्यांच्या बाजूच्या दगडी बाकाकडे गेले. तिथे ऊन होतं. चुळा भरायला लावल्या. पाठीवर हात ठेवला. हे सगळं त्यांना पुस्तकातून येत होतं आणि त्यांनी ते पुस्तकाप्रमाणे चोख केलं. नमुना कसा घ्यावा यावर त्यांचं एक व्याख्यानही होतं.

भन्ते जेवले. पात्र धुऊन पालथं घातलं. कट्ट्यावर पसरलेली पानं गोळा करून त्यांवर दगड ठेवला.

पाऊण तास गेला.

डॉक्टर एकटेच परत आले. हातात डबी होती. चेहऱ्यावर थकवा होता आणि थोडं समाधानही, कारण वेळ त्यांनी नक्कीच दिला होता. आयुष्यात कुठल्याही रोग्याला एवढा दिला नव्हता.

"गाडी वर आणतो," ते म्हणाले. "त्यांना वाटेपर्यंत चालवत नको न्यायला. लगेच निघू."

भन्त्यांनी हात पुढे केला. डॉक्टरांनी डबी दिली. भन्त्यांनी ती उन्हात धरली, जरा कलती केली, पुन्हा सरळ केली. एकोणतीस वर्षं हेच केलं होतं त्यांनी. आतलं पातळ होतं, फेसाळ, पाण्यासारखं.

"लाळ आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे. तीनदा प्रयत्न केला. त्यांना जमत नाही."

"का?"

"बोलतात फार. खोका म्हटलं की थोडं खोकतात आणि पुन्हा बोलायला लागतात. मुलाच्या लग्नात काय झालं, सुनेने कुठली साडी परत पाठवली, नवरा कुठल्या धरणाच्या कामावर होता... मी ऐकत होतो. खरंच ऐकत होतो, भन्ते. पण ते संपतच नव्हतं. आणि नमुना नाही मिळाला तरी फोटोत कळेल. औषध तर देणारच आहोत. त्या बऱ्या होतील."

"हो. होतील."

"मग ठीक आहे ना?"

भन्ते कान देऊन बसले होते. डॉक्टरांनीही ऐकलं.

दगडी बाकाकडून गयाबाईंचा आवाज येत होता. समोर कोणी नव्हतं, तरी त्या सांगत होत्या. मध्येच थांबत होत्या, दम घेत होत्या, आणि जिथे तुटलं होतं तिथून पुढे धरत होत्या.

"त्यांचं सांगून झालं नव्हतं?" भन्त्यांनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग तुम्ही उठलात कशाला?"